नझीहा खालाच्या नावाची कडू कॉफी

लेबनॉनच्या डोंगरातल्या आमच्या ऐन-खर्रूबमध्ये ऑगस्ट महिन्यात तीन गोष्टी हमखास पिकतात: अंजिरं, लग्नं आणि लघुपट. अंजिरांना कीड लागते, लग्नांना रुसणारे नातेवाईक लागतात आणि लघुपटांना सित्त नझीहा लागतात.

गाव सोडून गेलेल्यांची नातवंडं उन्हाळ्यात येतात. कोणी मॉन्ट्रियलहून, कोणी सिडनीहून, कोणी साओ पावलोहून. पाठीवर कॅमेरा आणि चेहऱ्यावर 'मी कोण, मी कुठला' हा प्रश्न. प्रश्न आम्हालाही पडतो, पण जनरेटर बंद पडला की आधी त्याच्याकडे बघावं लागतं. या मुलांना तसली अडचण नसल्यामुळे ती पंधरा-वीस दिवसांत एक लघुपट काढतात. त्यात एक गंजलेली किल्ली असते, एक ऑलिव्हचं झाड असतं, लांबवर समुद्र असतो आणि पीठ मळणारी एक म्हातारी असते. किल्ली माझ्या औषधाच्या दुकानाच्या मागल्या दाराची आहे. दार कधीच गेलं, किल्ली आतापर्यंत अकरा देशांतल्या महोत्सवांत जाऊन आली. मी सायप्रसच्या पलीकडे गेलेलो नाही.

राहिली म्हातारी. गावातल्या खऱ्या म्हाताऱ्या कॅमेऱ्यासमोर यायला तयार नसतात. आल्याच तर केस रंगवून, भुवया कोरून, मुलीच्या लग्नातला सोनेरी झगा घालून येतात आणि पीठ मळायला सांगितलं की "बेकरी बंद आहे का?" असं विचारतात. म्हणून मग सित्त नझीहा.

आता सित्त नझीहा, म्हणजे नझीहाबाई, ही काय चीज आहे ते ऐका. वय अठ्ठावन्न. लग्न केलं नाही. मूल नाही, नातवंडाचा प्रश्नच नाही. पण लघुपटांत त्या नऊ वेळा आजी झाल्या आहेत. त्यांनी जन्मात कधी पीठ मळलेलं नाही. भाकरी पिशवीतली विकत आणतात. त्यांचा धंदा गाडी शिकवण्याचा. एका जुन्या पांढऱ्या गाडीत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला रस्त्यावरून बाजूला व्हायला शिकवलं. शिकवताना अरबीत बोलतात. शिकणाऱ्याने गिअर खरडला की आबिदजानच्या बाजारातल्या बोलीत बोलतात. ती बोली गावात कोणाला कळत नाही, पण तिचा अर्थ सगळ्यांना कळतो.

कारण सित्त नझीहांचा जन्मच मुळी आबिदजानचा. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या शहरात त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. सव्विसाव्या वर्षी त्या इथे आल्या, आजारी आजीची तीन महिने देखभाल करायला. आजी आणखी एकोणीस वर्षं जगली. अशी चिवट आजारी माणसं आमच्या गावात बरीच आहेत. माझं दुकान त्यांच्यावरच चालतं, आणि दुकानामुळे गाव मला डॉक्टर म्हणतं. तर अशा या बाई बत्तीस वर्षं इथे राहिल्या आणि अजूनही गाव त्यांना 'आफ्रिकावाली' म्हणतं. तिकडे होत्या तेव्हा त्यांना 'त्या लेबनॉनवाल्याची पोर' म्हणायचे. आता सांगा, आपण कुठले या विषयावर पिक्चर काढायचा तर या बाईला प्रश्न विचारावा की तिच्या तोंडाला पीठ फासावं? पण नाही! दरवर्षी पीठच.

"तुम्ही 'नाही' का म्हणत नाही?" मी एकदा विचारलं.

"अरे डॉक्टर, ती पोरं विमानतळावरून येतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा असतो बघितलास का? मी आले तेव्हा माझाही तस्साच होता. कोणाला तरी दार उघडावं लागतं," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "तुझी किल्ली देऊन तर उघडत नाही!"

मागच्या उन्हाळ्यात मॉन्ट्रियलची जिनान आली. पंचवीस वर्षांची, गोड, हुशार, आणि कोणाचंही वाक्य पुरं होऊ न देणारी. तिची आजी सुआद आमच्याच गावची. दोन वर्षांपूर्वी तिकडे बर्फात वारली, तिकडेच पुरली. जिनानला आजीवर पिक्चर काढायचा होता. तिने सित्त नझीहांना खुर्चीत बसवून दोन तास डिंकाने सुरकुत्या चिकटवल्या, केसांत मैदा चोळला. पीठ मळणारे हात जवळून दिसणार म्हणून ते माझ्या बायकोचे घेतले. माझी बायको समीहा तेव्हापासून हातांना रोज मलम लावते आणि बिल माझ्या दुकानावर.

जिनानने विचारलं, "तेता, आपलं घर म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय?" तेता म्हणजे आजी. सित्त नझीहांनी तो शब्द गिळला आणि बोलायला लागल्या. चाळीस मिनिटं बोलल्या. मी तिथे छत्री धरून उभा होतो, उजेड अडवायला, म्हणून मला माहीत आहे. बंदराचा वास, वडिलांच्या दुकानातले फुलाफुलांचे तागे, तळलेल्या पिकल्या केळ्यांची चव, आणि आई. आईबद्दल बोलताना डिंक सुटून एक सुरकुती हनुवटीवर लोंबायला लागली, तरी आम्ही कोणी हसलो नाही.

जिनान म्हणाली, "सुंदर! आता फक्त समुद्राकडे बघा. काही बोलू नका."

पिक्चरमध्ये ती चाळीस मिनिटं नाहीत. बाई समुद्राकडे बघतात आणि सुस्कारा सोडतात. सुस्कारा खरा आहे. पायातला जोडा जिनानच्या आजीचा होता, दोन नंबर लहान. शेवटी सित्त नझीहांचा ऐंशी वर्षांचा केलेला चेहरा पडद्यावर थांबतो आणि खाली पाटी येते: 'माझ्या लाडक्या आजीच्या स्मृतीस.' संपलं.

आम्हाला त्यात काही गैर वाटलं नाही. आम्हाला माहीत होतं, आजी म्हणजे सुआद. पण पिक्चर हिवाळ्यात फोनवरून फिरायला लागला. एका फोनवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. असा तो आबिदजानला पोचला, आणि तिथल्या लोकांनी तो चेहरा ओळखला; 'आजी' कोणाची हे न विचारता खालची पाटी खरी मानली.

इथे हिकमतबद्दल सांगायला हवं. हिकमत हा सित्त नझीहांचा धाकटा भाऊ. बापाचं दुकान आता तोच चालवतो. अकरा वर्षं बहीण-भावांत बोलणं नाही. भांडण जमिनीचं नाही, दागिन्यांचं नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई आबिदजानला वारली. हिकमतने तिला तिथेच पुरलं, तीन दिवस मातमाला बसला, येणाऱ्या-जाणाऱ्याला कडू कॉफी पाजली आणि चौथ्या दिवशी बहिणीला फोन केला. चौथ्या दिवशी! इकडे सित्त नझीहा ते तिन्ही दिवस लोकांना गाडी शिकवत होत्या, हसत होत्या; एका संध्याकाळी तर शेजारच्या साखरपुड्यात नाचल्याही. "ज्या दिवशी आईवर माती पडत होती, त्या दिवशी मी टाळ्या वाजवत होते," एवढं एकच वाक्य त्या त्यावर बोलल्या. त्या फोननंतर त्यांनी भावाला फोन केला नाही. त्यानेही केला नाही.

पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांचा फोन नंबर जुन्या कंपनीचा. आमच्या डोंगरावर त्या कंपनीचा सिग्नल फक्त माझ्या दुकानाच्या पायरीवर आणि मशिदीच्या गच्चीवर येतो. गावाने कधीच कंपनी बदलली. त्यांनी बदलली नाही. विचारलं की म्हणायच्या, "शिकणाऱ्या बायकांकडे हाच नंबर आहे." शिकणाऱ्या बायका हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहतात. हा नंबर आणखी एकाच माणसाकडे होता, आणि तो आबिदजानला होता.

फेब्रुवारीतला मंगळवार. मी दुकान उघडून बसलो होतो. फोन वाजला, आबिदजानच्या एका ओळखीच्या माणसाचा निरोप: 'सित्त नझीहांबद्दल कळलं. फार वाईट झालं. आज इथे तिसरा दिवस. तुम्ही शेजारी म्हणजे घरचेच. त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.'

मी चष्मा पुसून परत वाचतोय तोच बाहेर हॉर्न वाजला. लांब, तीनदा.

"काय रे डॉक्टर, झोपलास का? माझ्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या!"

मी फोन तसाच हातात घेऊन बाहेर गेलो. गाडीत चालकाच्या जागेवर माझी बायको घामाघूम होऊन बसली होती (चार महिने झाले, अजून दुसरा गिअर पडलेला नाही) आणि शेजारी, भरपूर जिवंत अशा, सित्त नझीहा.

"तुम्ही... बऱ्या आहात ना?"

"तुझी बायको चालवत असताना कोण बरं असणार? तोंड असं का झालंय तुझं?"

मी फोन पुढे केला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. खाली फोटोही होता: एक मोठा हॉल, भिंतीला लागून खुर्च्या, कॉफीचे पेले, आणि मधोमध फुलांत त्यांचाच चेहरा. डिंकाच्या सुरकुत्यांसकट. फोटोशेजारी काळा टाय लावून उभा हिकमत.

"अय्या, किती गर्दी!" माझी बायको म्हणाली. तिचं माझ्यावर प्रेम आहे, पण प्रसंगाचं भान हा तिचा प्रांत नाही.

"माझं उरलेलं आयुष्य तुला लाभो म्हणे!" सित्त नझीहा कडाडल्या. "मला नको का ते? आणि मारायचं तर मारा, पण ऐंशीची करून? तो फोटो लावला? माझा एक धड फोटो नाही त्या घरात?"

मग त्यांनी फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "तिसरा दिवस," त्या म्हणाल्या. "बघ डॉक्टर. आईच्या वेळीही मला तीन दिवसांनी कळलं, आणि माझ्या वेळीही. आमच्या घरात कोणी मेलं की मला सांगायचंच नाही असं ठरलंय का?"

दुपारी चारला, म्हणजे मॉन्ट्रियलच्या सकाळी, त्यांनी माझ्या दुकानातून जिनानला फोन लावला. मोठ्या आवाजावर, म्हणजे अर्धं गाव ऐकत होतं.

"खाला! कशा आहात?"

"वारले."

"काय?"

"तू मारलंस. आबिदजानला तीन दिवस कॉफी वाटून झाली. तुझ्या पिक्चरच्या शेवटी माझं तोंड आणि खाली स्मृतीस! अग, दोन्हींच्या मध्ये तुझ्या आजीचा एक फोटो तरी घालायचास!"

जिनानचा आवाज रडवेला झाला. "खाला, माझ्याकडे आजीचे फोटो बर्थडे पार्टीतले होते, कागदाची टोपी घातलेले. ते त्या वातावरणात... म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे ना, की ही मातीतून उगवलेली बाई."

"मी विमानातून उतरलेली बाई आहे! चाळीस मिनिटं तेच सांगत होते तुला. कुठे गेली ती चाळीस मिनिटं?"

"आहेत ना, जपून ठेवलीत. पण ती घातली असती तर लोकांचा गोंधळ झाला असता. कोण गेलं, कोण राहिलं, ते कळलं नसतं."

"मलाच कळत नाही तर त्यांना कशाला कळायला हवं? तोच तर विषय होता ना तुझा, शहाणे?"

मी स्वतः त्या पोरीला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं होतं. आपली माणसं शोधायला हजारो मैल यायचं आणि सापडलेल्या माणसाला "काही बोलू नका" म्हणायचं, ही कसली रीत? पण सित्त नझीहांनी हात वर करून मला थांबवलं. रडणाऱ्या शिकाऊ चालकावर त्या ओरडत नाहीत. तो त्यांचा नियम आहे.

"आजच्या आज पाटी बदलते, खाला. सगळ्यांना कळवते, की तुम्ही आहात."

"खबरदार!" त्या म्हणाल्या. "आठ दिवस काही बदलायचं नाही. आणि तुम्ही सगळे," त्या आमच्याकडे वळल्या, "कोणी आबिदजानला एक अक्षर कळवायचं नाही. मी मेले असं ज्याने मानलं, त्याने स्वतः फोन करून खात्री करावी. माझा नंबर आहे त्याच्याकडे."

गावाने शपथ घेतली. ऐन-खर्रूबने आजवर एकही गुपित आठ तास ठेवलेलं नाही, पण हे ठेवलं. आबिदजानहून निरोप येत राहिले, आम्ही उत्तरं दिली नाहीत. तिकडे त्याचा अर्थ लागला की गाव शोकात बुडालंय.

आणि सित्त नझीहा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला लागल्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कारण काय, तर ऊन चांगलं येतं. संध्याकाळी! फोन मांडीवर. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी समोरच्या भाजीवाल्याने त्यांना विचारलं, "काय आफ्रिकावाली, वरून काही बातमी?" तेव्हा मी त्याला जे बोललो ते औषधाच्या दुकानात शोभणारं नव्हतं. फोन एकदा वाजला. कंपनीची जाहिरात निघाली.

मला हिकमतचा असा राग आला म्हणून सांगू! तीन दिवस हॉल घेतोस, दोनशे लोकांना कॉफी पाजतोस, टाय लावून रडतोस, आणि एक नंबर फिरवायला बोट वळत नाही? आमच्या लोकांचं हेच आहे. मेलेल्यासाठी समुद्र ओलांडू, जिवंताला हाक मारायची म्हटली की घसा बसतो.

शनिवारी सकाळी दुकानापुढे विमानतळाची टॅक्सी थांबली. आतून एक जाडसर, टक्कल पडलेला माणूस उतरला. काळा सूट, काळा टाय, हातात बॅग. फोटोतला चेहरा, डोळे मात्र सुजलेले.

"सलाम. मी हिकमत," तो म्हणाला. "तुम्ही डॉक्टर हसीब ना? आज तिचा सातवा. म्हटलं, आपण... कुठे आहे ती? आजीशेजारी ठेवलीत का?"

मी शपथेने बांधलेला. खोटं बोलवेना, खरं सांगता येईना. "झऱ्याच्या उतारावर," मी म्हणालो. तेव्हा त्या खरोखरच तिथे होत्या. माझ्या बायकोला चढावर गाडी थांबवून परत सुरू करायला शिकवत होत्या.

"उतारावर? तिथे तर रस्ता आहे!"

"हो. म्हणजे... रस्त्याला लागूनच."

"एकटीला? रस्त्याकडेला?" त्याचा चेहरा बघवेना. बॅग तिथेच टाकून तो उतरणीला लागला. मी दुकान उघडं टाकून, बॅग उचलून मागे धावलो.

वळणावर पांढरी गाडी समोरून वर चढत होती, आचके देत. रस्त्याच्या मधोमध काळ्या सुटातला माणूस बघून माझ्या बायकोने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात तोंडावर नेले. गाडीने एक उसळी मारली आणि हिकमतच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर बंद पडली. खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"क्लच! अग क्लच! आणि तू रे, रस्त्यात काय उभा आहेस, मरायचंय का?"

हिकमत खाली बसला. रस्त्यावरच, सुटासकट.

सित्त नझीहांनी दार उघडलं. उतरल्या. त्याच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या त्याला उठवतील. त्यांनी त्याच्या टायकडे बोट केलं.

"तोच का? माझ्या फोटोशेजारचा?"

त्याने नुसती मान हलवली.

"मला फोन का नाही केलास?"

"तू... मला वाटलं तू गेलीस."

"मग? मेलेलं माणूस फोन उचलतं का, हे बघायला तरी लावायचास! एक घंटी. मी उचलला असता, विषय संपला असता. अकरा वर्षं डोंगरावर तो मुडदा नंबर सांभाळतेय मी!"

"माझी हिंमत झाली नाही, नझीहा. आईच्या वेळीही नाही झाली. पहिल्या दिवशी तीनदा नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. तुला ते सांगायचं कसं? मग एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि मग उशीर झाला याचीच लाज. या वेळी गावातून कोणी कळवलं नाही तेव्हा वाटलं, तूच सांगून ठेवलं असशील. याला तिसऱ्या दिवसापर्यंत कळवू नका म्हणून. वाटलं, माझी तेवढीच लायकी आहे."

"लायकी तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "पण मी तसं करणारी आहे का?"

गाडीतून माझी बायको म्हणाली, "सित्त, हँडब्रेक सोडू का?"

"हात लावू नकोस कशाला!" मग भावाला: "ऊठ. कपडे खराब होतायत. कॉफी तरी नीट कडू होती का?"

"होती." तो उठला. "दोनशे माणसं आली. दुकानाशेजारची मरियम रडून रडून पडली. बाजारातल्या बायका आल्या, तुझ्याबरोबर शाळेत होत्या त्या."

"मरियम आली?" त्यांचा आवाज एकदम खाली आला, पण क्षणभरच. "माझं नंतर बघू. बस मागे. डॉक्टर, तूही बस, ती बॅग मांडीवर घे. समीहा, तू चालव."

"मी? सगळ्यांना घेऊन?"

"पहिल्या गिअरमध्ये मरत नाही कोणी."

आम्ही बसलो. हिकमतने खिशातून रुमाल काढला. सित्त नझीहांनी आरसा आपल्याकडे फिरवून त्यात त्याचा चेहरा धरला. चालकाचा आरसा शिक्षिकेने घेतला हे माझ्या बायकोच्या लक्षातही आलं नाही, कारण तिने आरशात अजून कधी बघितलेलंच नव्हतं.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "आईचे तीन दिवस. पहिल्या सकाळपासून. कोण आलं, काय बोललं, कोण कुठे बसलं, तिला कुठलं कापड घातलंत, सगळं. एक माणूस गाळायचा नाही. आणि मध्ये कोणी 'पुरे' म्हणायचं नाही." शेवटचं वाक्य गाडीत कोणाला उद्देशून नव्हतं, ते मॉन्ट्रियलला होतं.

हिकमतने रुमालाने डोळे पुसले. मग म्हणाला, "कापड तूच निवडलेलं. तू निघताना तिला दिलेला पांढरा तागा. तिने तो तेवढ्यासाठी ठेवला होता."

सित्त नझीहांनी आरसा सोडला. समोर रस्त्याकडे बघत त्यांनी हात गिअरवर ठेवला, माझ्या बायकोच्या हातावर, आणि गाडी चार महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये पडली.

"पुढे," त्या म्हणाल्या. "पहिलं कोण आलं?"

"पहिली मरियमची आई आली," हिकमत सांगायला लागला. त्या सकाळी आम्ही गावाला सात फेऱ्या मारल्या.